ओलीचं बिऱ्हाड

भाड्याच्या घरात आपल्याआधी कोण राहून गेलं, याची भाडेकरूला फारशी चौकशी नसते. एखादं पत्र त्यांच्या नावानं येतं, कुरिअरवाला फोनवर त्यांचं आडनाव घेतो, कपाटाच्या आतल्या बाजूला कुणाच्या तरी मुलीनं चिकटवलेली फुलपाखरं सापडतात, तेवढंच. पण आपल्याआधीपासून राहत असलेलं आणि अजून न गेलेलंही एक बिऱ्हाड त्या घरात असू शकतं, हे कुणी सांगत नाही. ते बिऱ्हाड ओलीचं. तिनं डिपॉझिट भरलेलं नसतं, पोलीस व्हेरिफिकेशन करून घेतलेलं नसतं, सोसायटीचं ना-हरकत पत्र मागितलेलं नसतं. उन्हाळाभर ती ताज्या रंगाच्या पडद्याआड, माहेरपणाला आलेल्या लेकीसारखी निवांत पडून असते आणि मृग लागला की पडदा बोटभर बाजूला करून खाली बघते: यंदा कोण आलंय राहायला?

घरं उन्हाळ्यात बघायची असा आपल्याकडे रिवाजच आहे. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात आणि एप्रिलच्या उन्हात कुठलीही भिंत सज्जन दिसते. मुलुंडमधला तिसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट आम्ही पाहिला तेव्हा भिंती मोतिया रंगात न्हाऊन बसल्या होत्या. एजंटनं एका भिंतीवर थाप मारली, घोड्यांच्या बाजारात घोड्याच्या पाठीवर मारतात तशी, आणि म्हणाला, “एकदम सॉलिड आहे, साहेब.” नजरेला खटकावं असं काही नव्हतं. फक्त झोपायच्या खोलीत छताला लागून दोन खिळे होते. एक कोपऱ्यात, दुसरा खिडकीच्या वर, पहिल्यापेक्षा वीतभर खाली. रंगाऱ्यानं त्यांच्यावरूनही इमानानं कुंचला फिरवला होता. बायको म्हणाली, तोरणाचे असतील. तोरण असं तिरकं कोण लावतं, असा विचार मनात आला आणि गेला. घर घेताना माणूस खिळ्यांचा विचार करत नाही.

जूनमध्ये खिळे बोलू लागले. कोपऱ्यातल्या मोतिया रंगाला आधी एक फुगा आला, मग त्याचा पोपडा झाला, आणि पोपड्यामागून एक थेंब बाहेर डोकावला. घाई अजिबात नाही. तो लांबला, थोडा थांबला, आणि बरोबर उशीवर पडला. त्या रात्री स्टुलावर चढून, दोन खिळ्यांना बांधलेल्या दोरीवर प्लास्टिकची पन्हाळ टांगताना मला कळलं, की वीतभराचा तो फरक उतारासाठी होता. आमच्याआधी त्या खोलीत कुणीतरी असंच स्टुलावर चढून, डोळा किलकिला करून हा उतार मोजला होता. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण कारागीर म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पाणी खिडकीपर्यंत बिनतक्रार गेलं.

मी गळतीला नवखा होतो असं नाही. आमचं रत्नागिरीकडचं घर कौलारू. वैशाखात माणसं छपरावर चढून कौलं परतायची, फुटकी काढून नवी बसवायची, आणि तरी पहिल्या मोठ्या सरीला घरात चार ठिकाणी पाणी यायचंच. रात्रीतून माकडं छपरावरून धावली की त्यात पाचव्याची भर. मग भांडी मांडायची. पितळी पातेल्यात थेंब ठणकायचा, घंगाळात घुमायचा, ॲल्युमिनियमच्या टोपात नुसताच तडतडायचा, आणि भांडं भरत गेलं की प्रत्येकाचा सूर उतरत जायचा. पण ती गळती सरळ मनाची होती. थेंब जिथं पडे त्याच्या थोडं वर फुटकं कौल असे. काठीनं टोचलं, कौल सरकवलं, की गळती बंद. त्या घरात आजी एक गोष्ट सांगायची, देशभर नाना भाषांत सांगितली जाणारी. म्हातारीच्या झोपडीमागे पावसात वाघ आडोशाला बसलेला असतो, आणि आत म्हातारी पुटपुटते, की वाघाचं काही नाही गं बाई, भीती आहे ती टिपटिप्याची. वाघाला वाटतं, आपल्याहून मोठं असं हे जनावर कोण? आणि तो शेपूट घालून पळतो. लहानपणी त्या वाघाचं हसू यायचं. आता वाटतं, म्हातारी नक्की भाड्यानं राहत असणार.

स्लॅबची गळती मात्र मुत्सद्दी. पाणी वरच्या मजल्यावर टाइल्सच्या सांध्यांतून उतरतं, खालच्या कोब्यात मुक्काम करतं, कोबा पोटभर पाणी पिऊन तृप्त झाला की स्लॅबमध्ये शिरतं, तिथून सळईच्या कडेनं नाहीतर विजेच्या पाइपातून चालत राहतं आणि तिसऱ्याच खोलीत प्रकट होतं. वाटेत सळईला गंज चढवतं. गंज लोखंडाहून जास्त जागा मागतो, म्हणून काँक्रीट तडकतं, आणि तडकलं की पाण्याला आणखी एक वाट मिळते. थेंब दिसतो ते त्याचं जन्मस्थान नसतंच.

आणि सगळा तंटा जन्मस्थानाचाच असतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे नीट लिहून ठेवलं आहे: पावसाच्या पाण्यानं होणारी गळती, बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती, ही सोसायटीनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायची, वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून, संडासातून, सिंकमधून झिरपणारं पाणी हे त्या त्या सदनिकाधारकांनी निस्तरायचं. म्हणजे थेंब ढगातून आला असेल तर पैसे सोसायटीचे, आणि बादलीतून आला असेल तर वरच्या मालकाचे. आमचा थेंब पाऊस आला की वाढायचा, म्हणून वरचे मालक म्हणाले, हा गच्चीचा. पाऊस नसतानाही रोज ठरावीक वेळी यायचा, म्हणून सेक्रेटरी म्हणाले, हा न्हाणीघरातला. मी मध्ये उभा. माझं म्हणणं इतकंच, की तो माझ्या उशीवर पडतो. पण पडण्याच्या जागेवरून काहीच ठरत नाही, आणि भाडेकरूला सोसायटीच्या सभेत बोलायची सोय नाही, सभासद मालक. आम्ही तिथं राहतो म्हणून सोसायटी मालकांकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क मात्र घेऊ शकते. म्हणजे ज्यांच्या डोक्यावर थेंब पडतो, त्यांनाच हिशेबात ‘इथं राहत नाही’ असं धरलेलं.

शेवटी एका प्लंबरनं तोड काढली. वरच्या न्हाणीघरात ट्रॅपला बोळा घालून निळीचं पाणी तुंबवायचं, पावसानं दोन दिवस उघडीप दिली की गच्चीवर गेरूचं. खाली थेंब निळा आला तर वरच्या मालकांचा, तांबूस आला तर सोसायटीचा. इतका साधा न्याय मी तोवर पाहिला नव्हता. आम्ही दोघं छताकडे डोळे लावून बसलो. बायकोनं तर पातेल्यात पांढरा रुमालही अंथरला, रंग स्पष्ट दिसावा म्हणून. तिसऱ्या दिवशी निळा थेंब आला, पण दुसऱ्या मजल्यावर, सेक्रेटरींच्या स्वयंपाकघरात. आम्हाला वळसा घालून तो डक्टमधून खाली उतरला होता. आमच्याकडे आला तो तांबूस. सोसायटीच्या लोकांनी चष्मे लावून तो पाहिला आणि एकमतानं सांगितलं, की तुमचा डाग आधीपासूनच तांबूस आहे, हा गेरू नव्हे, गंज. ते खोटं बोलत होते असंही म्हणवत नाही. डाग खरंच आधीपासून तांबूस होता, आणि त्याला कडेनं एकाबाहेर एक अशा गडद रेघा होत्या, झाडाच्या खोडात असतात तशा. प्रत्येक पावसाळ्याची एक. आमची त्यात भर पडेल ती सर्वांत बाहेरची.

याच काळात मी कायदा वाचायला घेतला. गळक्या घरात झोप लागत नाही, तेव्हा माणूस काहीही वाचतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २०००पासून. त्यातलं चौदावं कलम वाचून मला भरून आलं. जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवायला मालक बांधील आहे. त्यानं दुर्लक्ष केलं तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, वाजवी वेळ वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत, म्हणजे तीन महिन्यांच्या भाड्याइतका. इतकं समजूतदार कलम लिहिणाऱ्यांच्या घराचं छतही कधीतरी गळलं असावं. पुढे एकोणतिसाव्या कलमात तर म्हटलंय, की मालकानं सबळ कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी तोडू नये. आमच्या मालकांनी हे कलम तंतोतंत पाळलं होतं. पाणी झोपायच्या खोलीपर्यंत घरपोच येत होतं.

मात्र चौदाव्या कलमाच्या आरंभीच एक दबकी अट आहे: भाडेकरूनं काही वेगळा करार केलेला नसेल तर. आणि माझा करार मी काढून पाहिला तेव्हा त्याहून मोठी गोष्ट ध्यानात आली. मी भाडेकरू नव्हतोच. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा. या नात्याचं मूळ १८८२ च्या ईझमेंट ॲक्टच्या बावन्नाव्या कलमात. लायसन्स म्हणजे अशी मुभा, की जी नसती तर तेच कृत्य बेकायदा ठरलं असतं. त्यानं जागेवर कुठलाही हक्क निर्माण होत नाही. मला वाटत होतं मी इथं राहतो. कायद्याच्या नजरेत मी इथं चहा पिणं, वर्तमानपत्र पसरणं, दुपारी घोरणं ही सगळी एरवी बेकायदा ठरणारी कृत्यं अकरा महिने परवानगीनं करत होतो. त्याच कायद्यात सत्तावन्नावं कलमही आहे. जागेत माणसाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा दोष असेल, आणि तो देणाऱ्याला ठाऊक नि घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर देणाऱ्यानं तो सांगितला पाहिजे. मला मोतिया रंग आठवला. रंग हा दोष सांगण्याचा प्रकार आहे की लपवण्याचा, यावर दोन वकिलांना दोन वर्षं सहज काढता येतील, आणि माझ्याकडे होते अकरा महिने.

करारात आणखी एक ओळ होती, ती मला फार आवडली: जागा ज्या स्थितीत ताब्यात मिळाली त्याच स्थितीत परत करावी. म्हणजे ओल मी सुखरूप परत करायला हवी होती. तिचा सांभाळ करण्याची जबाबदारी माझ्यावर होती, असाच अर्थ कुणी लावला तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरं तर या शहरात भाडेकरू नेहमीच असा पाहुणा नव्हता. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी सप्टेंबर १९४० च्या आकड्यांना बांधून ठेवली, आणि पुढे दुरुस्ती करून, १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जे लायसन्सवर जागेत राहत होते त्यांना भाडेकरूच मानलं. एका तारखेनं किती पाहुणे घरचे झाले! त्या भाड्यात मालकाला विटेचा तुकडा बदलणंही परवडेना, म्हणून जुन्या इमारतींच्या डागडुजीसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ अशी व्यवस्था १९६९ च्या कायद्यानं आली. गिरगावात माझा एक मित्र अशा उपकरप्राप्त चाळीत वाढला. त्यांच्याकडे माणसं पक्की आणि छप्पर कच्चं. आजोबा, वडील, मित्र, सगळे त्याच टिपटिपीखाली म्हातारे होत गेले, पण त्यांना कुणी ‘अकरावा महिना भरला’ असं म्हणू शकलं नाही. आमच्याकडे छप्परही कच्चं आणि माणसंही. करार संपल्यावर राहिलो तर १९९९ च्या कायद्यातल्या चोविसाव्या कलमाखाली दुप्पट शुल्काची टांगती तलवार. पक्की होती ती एकटी ओल. १९७३ च्या त्या तारखेला ती इथं असती, तर आज कागदोपत्रीही तीच खरी भाडेकरू ठरली असती.

मालक वाईट नव्हते, हे सांगायला हवं. ते बंगळुरूला असत. मी डागाचा फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी उलट टपाली एक फोटो पाठवला: मोठा, काळपट, बुरशीनं मखमली झालेला डाग. खाली लिहिलं होतं, ‘हा माझ्या इथल्या फ्लॅटचा. मीही रेंटवरच आहे. ओनर फोन उचलत नाही.’ त्यांची ओल आमच्यापेक्षा कितीतरी मोठी होती. मला आपण उगीच कुरकुर केल्यासारखं वाटलं. पंधरा दिवसांच्या नोटिशीचा मसुदा तयार होता, पण ज्या माणसाच्या स्वतःच्या उशाशी बादली आहे त्याला नोटीस कशी द्यायची? मी त्यांना पन्हाळीचा फोटो पाठवला. उतार किती ठेवायचा तेही कळवलं. त्यांनी अंगठा पाठवला, आणि मग जरा वेळानं हात जोडलेले.

वरच्या घरातही मालक नव्हते. तीन मुली होत्या, सांगली-मिरजेकडच्या, नर्स. निळीच्या प्रयोगानंतर एक जण खाली आली, दारातच उभी राहून म्हणाली, “काकू, आमच्यामुळे तुम्हाला त्रास. आम्ही आता अर्ध्याच बादलीत करतो अंघोळ.” बायको एकदम रागावली. बारा तास रुग्णांची उठबस करून येता आणि अर्धी बादली? “अगं, पाणी घे भरपूर. आम्ही पातेलं बदलतो.” त्या दिवसापासून आमच्या घरात दवाखान्याचं वेळापत्रक उमगू लागलं. थेंब पहाटे पाचला सुरू झाला तर मॉर्निंग, सकाळी साडेआठला तर नाइट संपवून आलेल्या. दोनदा टिपटिप थांबून पुन्हा लागली तर तिघी एकामागून एक. गणपतीत त्या गावी गेल्या, आणि पावसानंही उघडीप दिली. छत गप्प. बायको अधूनमधून वर बघायची. “आल्या नाहीत अजून,” ती म्हणायची. ओलीविषयी बोलत होती की मुलींविषयी, ते मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर मालकांचा फोन आला. त्यांनी काम काढायचं ठरवलं होतं: छत खरवडणं, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, सगळं. फक्त ते भरल्या घरात होणार नव्हतं. “तुमचा ॲग्रीमेंट संपला की लगेच करून घेतो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकी कळकळ होती की मी आभार मानले. फोन ठेवल्यावर हळूहळू उजाडलं. भाड्याच्या घरातली दुरुस्ती नेहमी पुढच्यासाठी असते. आम्हाला मिळालेला मोतिया रंग हा खिळे मारणाऱ्या त्या गृहस्थाच्या तक्रारीचं फळ होता. त्यानं वर्षभर फोन केले असतील, फोटो पाठवले असतील, आणि भिंत कोरडी झाली ती आमच्यासाठी, दीड महिना. आता आमची पाळी. न पाहिलेल्या कुणासाठी तरी आम्ही वर्षभर भांडलो होतो. पूर्वज झाडं लावून जायचे म्हणतात.

छताचं काम झालं ते अर्थातच रंगाचं. आमचं सामान अर्धं बांधलेलं, तोवर रंगारी येऊन गेले. यंदा फिका बदामी. खिळे मी मागितले आणि रंगाऱ्यानं ते ठेवले, त्यांच्यावरूनही कुंचला फिरवून. दुसऱ्या दिवशी एजंट एका जोडप्याला घेऊन आला. तरुण मुलगा, बरोबर त्याची बायको, कडेवर झोपलेलं मूल. एजंटनं भिंतीवर थाप मारली. मुलगा बाल्कनी बघायला गेला, पार्किंगचं विचारू लागला. मी दाराशी उभा होतो. देणारा मी नव्हतो, त्यामुळे सत्तावन्नावं कलम मला लागू नव्हतं, आणि एजंटचा डोळा माझ्यावर होता. तेवढ्यात माझी बायको चहाचे कप घेऊन झोपायच्या खोलीत गेली आणि त्या मुलीला हळूच म्हणाली, “पाळणा त्या कोपऱ्यात बांधू नको हं.”

मुलीनं वर पाहिलं. कोपरा पाहिला, मग खिडकीवरचा खिळा, मग परत कोपरा. मूल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि एजंटला ऐकू जाणार नाही इतक्या बेतानं विचारलं, “वरच्यांची अंघोळ किती वाजता असते, काकू?”

“या आठवड्यात नाइट आहे त्यांची,” बायको म्हणाली. “साडेआठच्या पुढे धर.”